अल्सासच्या द्राक्षगावांत वसंतातले चार दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

फ्रान्सच्या पूर्व कडेला ऱ्हाईन नदी आणि व्होझची डोंगररांग यांच्यामध्ये जो चिंचोळा पट्टा आहे, तो अल्सास. डोंगराच्या पायथ्याला द्राक्षबागा, बागांच्या मधोमध तटबंदीची जुनी गावं, आणि ही गावं जोडणारा सुमारे १७० किलोमीटरचा रस्ता: उत्तरेला मार्लेनहाइम, दक्षिणेला तान. १९५३ साली या रस्त्याला ‘वाइन रूट’ हे अधिकृत नाव मिळालं आणि तेव्हापासून लोक गाड्या घेऊन इथे येत आहेत.

पहिल्यांदा येणारे बहुतेक जण एका दिवसात सहा-सात गावं उरकतात. संध्याकाळपर्यंत सगळी गावं सारखीच दिसायला लागतात: तेच लाकडी सांगाड्याचे घर, तेच फरसबंद रस्ते, तीच कुंडी. फोटो बघताना कुठला कुठल्या गावाचा हेही सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की चार दिवस असतील तर गावं सहाच घ्या, मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा आणि निदान एक दिवस गावातून गावात बागांमधून चालत जा. हे गाव आणि ही बाग वेगळी काढून बघताच येत नाही. गाडीतून उतरून थेट चौकात गेलं की अर्धं गाव बघायचं राहूनच जातं.

१. आधी तारखा पक्क्या करा

एप्रिलचा तिसरा आठवडा ते मेचा दुसरा आठवडा, यातले कुठलेही चार दिवस. शक्यतो सोमवार ते शुक्रवारमधले.

याचं कारण बागेत आहे. आपल्याकडे नाशिक-सांगलीला तोवर द्राक्षाचा हंगाम संपून खरड छाटणीची धांदल चालू असते. इथे मात्र वेल हिवाळ्याच्या झोपेतून नुकता जागा होत असतो. मार्चच्या शेवटाला छाटलेल्या काडीच्या टोकातून थेंब थेंब पाणी गळतं. छाटणीत राखलेल्या एक-दोन लांब काड्या कमानीसारख्या वाकवून खालच्या तारेला बांधलेल्या असतात आणि एप्रिलमध्ये त्यांच्यावर डोळे, म्हणजे नवे कोंब, फुटतात. वाकून जवळून बघा. आधी कापसासारखी लव दिसते, मग तिच्यातून गुलाबी कडेची नखाएवढी पानं बाहेर येतात. दोन-तीन उबदार दिवस मिळाले की अख्खी टेकडी तपकिरीची पोपटी होते.

बागायतदाराच्या काळजाचा ठोका चुकवणारे दिवसही हेच. डोळे फुटल्यावर पहाटे कडाक्याचं दव गोठलं तर वर्षाचं पीक जातं. एप्रिल २०१७मध्ये अल्सासला असाच तडाखा बसला होता. मेच्या ११, १२, १३ तारखांना इथले लोक ‘बर्फाचे संत’ म्हणतात, कारण ते उलटल्याशिवाय थंडी गेली असं कुणी मानत नाही. खिडकीखालची लालभडक जिरेनियमची फुलं, जी प्रत्येक पोस्टकार्डावर असतात, तीही बहुतेक घरी या तारखांनंतरच बाहेर लावतात. फुलांसाठीच जायचं असेल तर मेचा शेवट धरा. मला विचाराल तर कुंड्यांपेक्षा कोवळी बाग केव्हाही जास्त बघण्यासारखी.

सुट्ट्यांकडे नीट बघा. गुड फ्रायडेला उरलेल्या फ्रान्समध्ये सुट्टी नसते, अल्सासमध्ये असते. हा प्रांत १८७१ ते १९१८ जर्मनीकडे होता, त्या काळातले काही कायदे आजही इथे लागू आहेत. १ मे आणि ८ मे या राष्ट्रीय सुट्ट्या. १ मेला तर जवळजवळ सगळं बंद असतं. ईस्टरच्या आसपास कोल्मारमध्ये वसंताचा बाजार भरतो, तो सुंदर असतो, पण गर्दीही तेवढीच. ख्रिसमस बाजारासाठी डिसेंबरमध्ये जी झुंबड उडते, तिच्यापुढे ही काहीच नाही.

कपड्यांचं एवढंच: सकाळी पाच-सहा अंश, दुपारी वीसच्या आसपास. व्होझचे डोंगर पश्चिमेकडून येणारे ढग अडवतात, त्यामुळे कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. तरी पातळ रेनकोट ठेवा, आणि बूट असे घ्या की ज्यांना गोट्यांची फरसबंदी आणि बागेतली ओली माती दोन्ही चालेल.

२. पोहोचायचं कसं

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, वसंतासाठी जानेवारीतच हालचाल केलेली बरी. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमाकवच लागतं. गाडी चालवायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या.

पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेगाडीने स्ट्रासबर्ग पावणेदोन तासांच्या आसपास, पुढे कोल्मार लोकल गाडीने अर्धा तास. काही गाड्या थेट कोल्मारलाही जातात. पॅरिसच्या विमानतळावरूनही स्ट्रासबर्गला टीजीव्ही मिळते, त्यामुळे सामान घेऊन शहरात शिरायची गरज नाही. टीजीव्हीचं तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त.

जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ही जोडून आलेल्या सुट्टीची सहल आहे. बाझेलहून कोल्मार रेल्वेने पाऊण तास, श्टुटगार्टहून स्ट्रासबर्ग सव्वा-दीड तास. भारतातून आई-बाबा आले की पॅरिस, स्वित्झर्लंड झालं, आता कुठे न्यायचं असा प्रश्न पडतो. त्यांना इथे आणा. चढउतार फार नाही, बसायला बाकं जागोजागी, आणि शेतीतलं ज्यांना कळतं त्यांना तर बोलायला विषय मिळतो.

३. मुक्काम कोल्मारला

एकच खोली, चारही रात्री. कोल्मारमध्ये रेल्वे आहे, बसचा अड्डा स्टेशनालाच लागून आहे, आणि सगळी महत्त्वाची गावं पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. हॉटेल स्टेशन आणि जुनं गाव यांच्यामध्ये बघा. दोन्हीकडे चालत जाता येतं.

एक पर्याय मात्र खुला ठेवा. खिसा परवानगी देत असेल तर त्यातली एक रात्र रिकवीरला काढा. संध्याकाळी सहाला सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या की ते गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं, आणि सकाळी आठला बेकरीसमोर जेमतेम चार माणसं दिसतात. ज्या रस्त्यावर दुपारी मुंगीच्या पावलांनी सरकावं लागतं, तिथे तुम्ही शांतपणे दरवाज्यांवरचे आकडे वाचत फिरू शकता.

४. फिरायचं कशाने

वाइन चाखायची असेल तर गाडी नको. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, नव्या परवानाधारकांना तर ०.२. चार-पाच चाखण्यांतच ती ओलांडली जाऊ शकते. शिवाय गावांच्या तटाबाहेरची पार्किंगं सकाळी दहा-अकरालाच भरतात.

‘फ्लुओ ग्रांद एस्त’ या प्रादेशिक सेवेच्या बस कोल्मारहून रिकवीर, रिबोव्हिले, केजर्सबर्गकडे जातात. त्या शाळेच्या वेळांना धरून चालतात, म्हणून शाळेच्या सुट्टीत आणि रविवारी फेऱ्या फार कमी होतात. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक बघून परतीची शेवटची बस कागदावर लिहून ठेवा. तुर्कहाइमला रेल्वेच आहे, दहा-बारा मिनिटांची. आणि एगिसहाइमला भाड्याची सायकल सगळ्यात छान: सहा-सात किलोमीटर, बराचसा सपाट रस्ता.

५. पहिला दिवस: कोल्मार, मग संध्याकाळी एगिसहाइम

कोल्मारमध्ये सुरुवात ‘कोइफुस’ या जुन्या जकातघरापासून करा. १४८० साली बांधलेली ही इमारत म्हणजे सगळ्या प्रदेशाची किल्ली आहे. अल्सासची वाइन पिंपांत भरून इथे यायची, तिच्यावर कर बसायचा, मग इल नदीने स्ट्रासबर्ग आणि पुढे ऱ्हाईनमार्गे उत्तर युरोपात. पुढच्या तीन दिवसांत जी जी श्रीमंत घरं बघाल, त्यांतली बहुतेक सोळाव्या शतकातली असतील, कारण या व्यापाराची भरभराट तेव्हाची. १६१८ला तीस वर्षांचं युद्ध पेटलं आणि गावंच्या गावं ओस पडली. तटबंदीच्या आत जागा मोजकी असल्याने घरं उंच आणि अंग चोरून उभी आहेत.

कोइफुससमोर एक कारंजं आहे, त्यावर हात उंचावून द्राक्षवेल दाखवणारा सरदार. तो लाझारस फॉन श्वेंडी. त्याने हंगेरीतल्या मोहिमेवरून टोकाय द्राक्षाचे वेल आणले अशी दंतकथा आहे. पुतळा घडवणारे बार्तोल्दी कोल्मारचेच, जन्म १८३४. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता त्यांचीच. दुपारी उंटरलिंडेन संग्रहालयात जा (मंगळवारी बंद) आणि ग्रूनेवाल्टची ईझेनहाइमची वेदीचित्रं बघा. १५१२ ते १५१६ या काळातली ही चित्रं मठातल्या रुग्णांसाठी काढलेली होती. ‘छोटं व्हेनिस’ म्हणून प्रसिद्ध असलेला कालव्याकाठचा भाग वाटेवर लागतोच, त्यासाठी वेगळा वेळ काढू नका.

साडेचारच्या सुमाराला सायकल काढून एगिसहाइम गाठा. या गावाचे रस्ते मधल्या छोट्या किल्ल्याभोवती गोल गोल वळतात, जुना तट होता तसे. बाहेरच्या गोलातून सुरुवात केलीत की चुकायची भीती नाही. फिरून तुम्ही जिथून निघालात तिथेच येता. दुतर्फा घरं इतकी जवळ की हात पसरावेसे वाटतात. दरवाज्यांच्या दगडी कमानी बघा. वरच्या मधल्या दगडावर साल कोरलेलं असतं, मालकाची आद्याक्षरं असतात आणि बहुतेकदा धंद्याची खूण: पिंप करणाऱ्याचा हातोडा, बेकरीवाल्याची वळणदार ब्रेट्सेल, बागायतदाराचा छाटणीचा कोयता. उघड्या कमानीतून आत डोकावलं तर आपल्या वाड्यासारखं दिसतं, मधे चौक, बाजूला जिना, खाली तळघर. फरक इतकाच की चौकात द्राक्ष चेपायचा घाणा असतो.

चौकातल्या चॅपेलच्या छपरावर करकोच्यांचं घरटं असतं. १९७०च्या दशकात अल्सासमधून हे पक्षी जवळजवळ नाहीसे झाले होते, माणसांनी मुद्दाम प्रयत्न करून ते परत आणले. वसंतात पिल्लांचा मोसम असल्याने चोची आपटण्याचा टकटकाट गावभर ऐकू येतो. पोप लिओ नववे यांचा जन्म १००२ साली याच गावातला, असं गाव मानतं. चौकात त्यांचा पुतळा आहे.

६. मुख्य दिवस: रिकवीर ते रिबोव्हिले, पायी

सहलीतला एकच दिवस जपायचा असेल तर हा जपा. अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण पूर्ण दिवस ठेवा.

सकाळच्या पहिल्या बसने रिकवीर. हे गाव १३२४पासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत वुर्टेम्बर्गच्या सरदारांकडे होतं. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूची गावं बेचिराख झाली, हे मात्र जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. मुख्य रस्ता सरळ चढत वरच्या वेशीपर्यंत जातो. ही वेस म्हणजे डोल्डर, १२९१ची. आधी गावाच्या बाजूने बघा: लाकडी तुळया, खिडक्या, मजल्यावर मजले, एखाद्या घरासारखी प्रसन्न. मग खालून बाहेर पडून मागे वळा. बाहेरून तोच बुरूज निव्वळ दगडाचा, बोडका, खिडक्या नसल्यासारख्या. आत राहणाऱ्या रखवालदारासाठी एक चेहरा, चालून येणाऱ्यासाठी दुसरा. बहुतेक लोक आतल्या बाजूने फोटो काढून परत फिरतात, तसं करू नका. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बोळांत शिरा. दुकानं तिथे संपतात आणि गाव सुरू होतं.

साडेदहाच्या सुमाराला, बसगाड्यांचे लोंढे यायच्या आत, उत्तरेच्या बाजूने बागांत शिरा. गावाला चिकटून वर जाणारा उतार म्हणजे शोनेनबूर्ग, इथल्या नावाजलेल्या ‘ग्राँ क्रू’ बागांपैकी एक. अल्सासमध्ये अशा खास दर्जाच्या ५१ जागा आहेत. शोनेनबूर्गची माती चिकण, जिप्सममिश्रित. तिथल्या रीझलिंगला दीर्घायुषी म्हणतात. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, कारण या अक्षांशावर उन्हाचा प्रत्येक तास मोलाचा. दोन ओळींमधल्या जमिनीकडेही लक्ष द्या: एक पट्टा नांगरलेला, शेजारच्या पट्ट्यात गवत आणि रानफुलं राखलेली. गवत धूप थांबवतं आणि मुळांना खाली जायला लावतं.

बागेतले हे रस्ते ट्रॅक्टरसाठी असले तरी चालणाऱ्यांना खुले असतात, खुणांच्या पाट्याही असतात. मात्र वेलांच्या ओळींत शिरायचं नाही आणि कोवळ्या डोळ्याला हात लावायचा नाही. नुसत्या बोटाच्या धक्क्यानेही तो गळतो, आणि त्या काडीला यंदा घड धरत नाही.

दोन किलोमीटरवर उनावीर. गावापेक्षा आधी चर्च दिसतं, बागेच्या मधोमध उंचवट्यावर, भोवती सहा बुरुजांची षट्कोनी तटबंदी. दुरून किल्लाच वाटतो आणि तो तसाच वापरलाही जायचा: संकट आलं की गावकरी गुराढोरांसकट आत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही हेच चर्च वापरतात. खाली गावात संत ह्यूनाचं कारंजं आहे. गोरगरिबांचे कपडे धुऊन देणारी ही सातव्या शतकातली बाई. एका वर्षी द्राक्ष पिकलीच नाहीत तेव्हा तिच्या कारंज्यातून पाण्याऐवजी वाइन वाहिली असं सांगतात. इथे दुकानं जवळजवळ नाहीत. डबा खायला चर्चच्या भिंतीलगतच्या बाकाइतकी चांगली जागा पूर्ण मार्गावर नाही. समोर बागा, मागे डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला ऱ्हाईनपलीकडचा जर्मनीतला ब्लॅक फॉरेस्ट.

पुढे अडीच किलोमीटरवर रिबोव्हिले, तीन किल्ल्यांच्या पायथ्याशी. सां-उलरिक, गिर्सबर्ग आणि ओ-रिबोपिएर, तिन्ही रिबोपिएर सरदारांचे. पायांत दम असेल तर सां-उलरिकपर्यंत जंगलातून तासभर चढ आहे. आई-बाबा बरोबर असतील तर खालूनच बघा. हे सरदार प्रदेशातल्या फिरत्या वादकांचे आश्रयदाते होते, त्यांची आठवण म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी इथे मोठी मिरवणूक निघते. गावात १८९५ साली स्थापन झालेली वाइन उत्पादकांची सहकारी संस्था आहे, फ्रान्समधली सर्वांत जुन्यांपैकी. सहकार आपल्या रक्तात असल्याने हे ठिकाण मराठी माणसाला जवळचं वाटेल: एकेकट्याला न परवडणारी यंत्रं आणि तळघरं छोट्या बागायतदारांनी एकत्र येऊन उभी केली. चाखायची सुरुवात इथून करणं सोपं, कारण सगळ्या जाती एकाच टेबलावर मिळतात आणि कुणाच्या घरात शिरल्याचा संकोच वाटत नाही.

७. तळघरात गेल्यावर

‘केव्ह’ किंवा ‘देग्युस्तास्याँ’ अशी पाटी दिसली की आत जाऊन चाखता येतं. काही ठिकाणी घंटी वाजवावी लागते आणि मालकीणबाई हात पुसत स्वयंपाकघरातून येतात. दारातच ‘बाँजूर’ म्हणा. हे विसरून थेट प्रश्न विचारणं इथे उद्धटपणा समजतात, आणि पुढचा सगळा सूर त्या एका शब्दावर ठरतो. बारा ते दोन जेवणाची सुट्टी, त्या वेळात जाऊ नका. रविवारीही बरीच तळघरं बंद असतात. छोट्या बागायतदाराकडे जायचं तर आदल्या दिवशी ईमेल किंवा फोन केलेला चांगला. वसंतात तो दिवसभर बागेत असू शकतो.

फ्रान्सच्या बाकी भागांत बाटलीवर बहुधा गावाचं किंवा बागेचं नाव असतं. अल्सासमध्ये द्राक्षाची जात लिहितात, त्यामुळे नवख्याला हा प्रदेश सगळ्यात सोपा. चार जाती मानाच्या. रीझलिंग: कोरडी, आंबटसर, लिंबाच्या सालीचा वास. मस्कात: ताज्या द्राक्षाचीच चव, पण कोरडी. पिनो ग्री: भरदार, किंचित धुरकट. गेवुर्त्सट्रामिनर: गुलाब आणि लिचीचा इतका दरवळ की पेला नाकाशी न्यायच्या आधीच कळतं. याशिवाय हलकी सिल्व्हानेर, मृदू पिनो ब्लाँ, आणि पिनो न्वार ही तांबड्या वाइनची एकमेव जात. ‘क्रेमाँ’ ही फसफसणारी. १९७६पासून तिला स्वतःचा दर्जा आहे. उंच, निमुळती हिरवी बाटली दिसली की अल्सास ओळखायचं, इथल्या बहुतेक वाइनला ती सक्तीची आहे.

चाखण्याचा क्रम कोरड्याकडून गोडाकडे. गेवुर्त्सट्रामिनर आधी घेतली तर नंतर रीझलिंगची चव लागणार नाही. लेबलवर गोडीचा शब्द शोधा: ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ थोडी गोड, ‘म्वालो’ गोड, ‘दू’ अगदी गोड. ‘व्हाँदाँज तार्दिव्ह’ लिहिलेलं असेल तर द्राक्ष वेलावर जास्त दिवस ठेवून उशिरा खुडलेली, म्हणून दाट आणि गोड. ती जेवणानंतर घोटभर घ्यायची. टेबलावर थुंकायचं भांडं असतं, ते वापरणं पूर्णपणे शिष्टसंमत आहे. व्यावसायिक लोक तर गिळतच नाहीत.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना पहिल्या घोटाला रीझलिंग फार आंबट वाटते. पेला बाजूला सारू नका, चीजचा तुकडा किंवा भाजणीच्या चकलीसारखं काही खारट तोंडात टाका आणि मग पुन्हा घोट घ्या. ही वाइन जेवणाबरोबर घेण्यासाठीच बनलेली आहे.

एका दिवशी दोन तळघरं पुरेत. प्रत्येक ठिकाणी काय प्यायलात, कुठल्या बागेतली होती, ते दोन शब्दांत लिहा. छोट्या घरगुती ठिकाणी चाखायचे पैसे बहुधा घेत नाहीत, तिथे निदान एक बाटली घेणं ही रीत आहे. काही ठिकाणी ठरावीक शुल्क असतं, ते दारावर लिहिलेलं असतं.

जे पीत नाहीत त्यांनीही तळघर चुकवू नये. शतकभर जुनी ओकची अजस्र पिंपं, त्यांवरचं कोरीवकाम, तिथला गारवा आणि वास, हे सगळं बघण्यासाठी पेला हातात लागत नाही. ‘ज्यू द रेझाँ’ मागितलात तर अनेक ठिकाणी त्याच बागेतल्या द्राक्षाचा रस मिळतो.

८. तिसरा दिवस: केजर्सबर्ग आणि युद्धाची बाजू

केजर्सबर्ग वाइस ओढ्याच्या खिंडीत वसलंय. १५१४चा तटबंदीचा पूल, त्यावर इवलंसं देवघर, आणि वर पडक्या किल्ल्याचा गोल बुरूज. बुरुजावर चढाच. एका बाजूला कौलारू गाव, दुसऱ्या बाजूला श्लॉसबर्गच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा; ‘ग्राँ क्रू’ दर्जा मिळालेली अल्सासमधली ही पहिली जागा, १९७५ साली. अल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ला याच गावातला. आफ्रिकेत लांबारेने इथे रुग्णालय उभारणाऱ्या आणि १९५२चं शांततेचं नोबेल मिळालेल्या या डॉक्टरांचं जन्मघर आजही रस्त्यावर आहे.

मग तास-दीड तास काढून सिगोल्सहाइमच्या टेकडीवरच्या सैनिकी दफनभूमीत जा, बागांमधून चालत किंवा टॅक्सीने. १९४४-४५च्या हिवाळ्यात कोल्मारभोवती भीषण लढाई झाली. सिगोल्सहाइम, बेनवीर, मितेलवीर, आमेर्श्वीर ही गावं जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाली. टेकडीवर फ्रेंच सैन्यात लढलेल्यांच्या कबरी आहेत, त्यांत उत्तर आफ्रिकेतले मुस्लिम सैनिक बरेच. इथून खाली बघितलं की बेनवीरची साधी, सरळ रेषेतली घरं का तशी आहेत ते कळतं. पर्यटक त्या गावांना नावं ठेवून पुढे जातात. मला वाटतं रिकवीर बघितलेल्याने बेनवीरही बघावं.  

संध्याकाळी तुर्कहाइम. मेपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री दहाला जुन्या वेषातला रखवालदार कंदील घेऊन गाणं म्हणत गावातून फेरी मारतो. त्या वेळी परतीची गाडी बहुधा नसते, टॅक्सी आधी सांगून ठेवा.

चौथा दिवस मोकळा सोडा. पावसाने एखादं गाव राहिलं असेल ते करा, नाहीतर बेर्गहाइमच्या अखंड तटाभोवती चक्कर मारा. ओ-केनिग्सबूर्गचा प्रसिद्ध किल्ला १९००-१९०८मध्ये जर्मन सम्राट विल्हेल्म दुसरे यांनी पुन्हा बांधून घेतलेला आहे. चार दिवसांत मी तो वगळेन, त्यात अर्धा दिवस जातो.

९. जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

गावातल्या छोट्या खानावळीला ‘व्हिन्श्टूब’ म्हणतात. स्वयंपाकघर बारा ते दोन आणि सात ते नऊ एवढंच चालू असतं. तीन वाजता भूक लागली तर बेकरी शोधा. वसंताचा मान पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे अॅस्परॅगसच्या कोंबांचा. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत. उकडून, लोण्याच्या सॉसबरोबर, शेजारी मस्कातचा पेला. शाकाहारींसाठी ही मेजवानी आहे, फक्त बरोबर हॅम वाढतात ते नको म्हणून सांगायचं.

‘टार्ट फ्लाँबे’ हा पातळ पोळीवर साय आणि कांदा पसरून भट्टीत भाजलेला पदार्थ, पण मूळ कृतीत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘साँ लार्दाँ’ म्हणजे ते न घालता, असं आवर्जून सांगा. मशरूमची आवृत्ती मागितली तरी सांगा, कारण तिच्यातही ते घालतात. मुन्स्टर चीजचा वास उग्र, चव मवाळ. जिऱ्यासारखे दिसणारे कॅरवेचे दाणे वर भुरभुरवून देतात. ईस्टरच्या दिवसांत बेकरीत मातीच्या साच्यात भाजलेला, पिठीसाखर भुरभुरवलेला कोकराच्या आकाराचा केक दिसेल, मुलांसाठी नक्की घ्या. अंडं असतं त्यात.

१०. बाटल्या घरी नेताना

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य जकातीविना आणता येतं. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीत की सव्वादोन लिटर होतात. विमानात हातातल्या बॅगेत चालणार नाहीत, चेक-इन सामानातच टाका. अल्सासची बाटली उंच असते, नेहमीच्या फुगवट्याच्या कव्हरात तिची मान उघडी राहते. तळघरातच पुठ्ठ्याची नळी किंवा पॅडिंग मागून घ्या आणि बाटली बॅगेच्या मधोमध, कपड्यांत आडवी ठेवा. स्वित्झर्लंडला परतणाऱ्यांना माणशी पाच लिटरपर्यंत वाइन करमुक्त नेता येते. जर्मनीकडे जाणाऱ्यांना स्वतःच्या वापरापुरती न्यायला सहसा काही अडचण येत नाही, तेवढ्यासाठी रिबोव्हिलेच्या सहकारी संस्थेतून सहा बाटल्यांचा खोका घेतलात तर दर बाटलीमागे थोडा कमी पडतो.